घरात आजारपण चालू असताना तोंडातून स्तुतीच निघत नाही, काय करावं?

पेटीवाली_सांगली
रात्री 11:40

सगळ्यांना जय ख्रिस्त आणि जे आपल्या मंडळीतले नाहीत त्यांना नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय इथं, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसचं हे तिसरं वर्ष. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहाला घर सोडायचं, सांगलीहून मिरजेला जायचं, चार तास मशीनवर, दुपारी घरी आले की ताटावर बसायचं पण त्राण नसतं, सरळ झोपतात. महात्मा फुले योजनेत बसतंय म्हणून मशीनचा खर्च निभावतोय, पण इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, गाडीभाडं वेगळंच. पाणी दिवसाला एक लिटर. ते मी सकाळी बाटलीत मोजून भरून ठेवते, चहा त्यातच, गोळ्या घ्यायचं पाणी त्यातच. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात आणि माझ्याकडे बघत पण नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. माझी किडनी जुळत नाही, सासूबाईंना शुगर, यादीत नाव घातलंय.

ते आमच्या मंडळीत पेटी वाजवायचे. वीस वर्षं. मी गायचे, ते वाजवायचे, लग्न पण त्यातूनच जमलं. आता डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात, तिथंच सुया टोचायच्या. त्या हाताला जोर द्यायचा नाही म्हणून भाता मारणं बंद, पेटी बंद. रोज रात्री मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवून बघते, आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं, ते लागलं म्हणजे फिस्टुला चालू आहे, मग मी झोपते.

आता खरा प्रश्न. माझ्या तोंडून स्तुती निघत नाही. रविवारी पुढं उभी राहते, गीत सुरू होतं, आणि धन्यवादाचं कडवं आलं की घसा आवळतो, मी नुसते ओठ हलवते. तीन वर्षांत एक दिवस प्रार्थना चुकवली नाही हो, पण प्रार्थना म्हणजे मागणं आणि रडणं, बास. आता पुढच्या महिन्यात उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची भक्ती आहे आणि पाळकसाहेबांनी सांगितलंय की तुम्ही साक्ष द्या, देवानं तुमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा, तुमच्यामुळं लोकांना बळ मिळेल. काय साक्ष देऊ? बरे झाले असते तर दिली असती.

अजून एक, हे घरी कुणाला बोलले नाही. एका प्रार्थनेच्या बैठकीत एक भाऊ म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडतोय, मशीनवर विश्वास आहे आणि देवावर नाही, एकदा धाडस करून मशीन सोडा आणि स्तुती सुरू करा. मिस्टरांच्या मनावर ते इतकं बसलं की एका शनिवारी गेलेच नाहीत. रविवारी रात्री दोनला श्वास घ्यायला येईना, आडवं होता येईना, पोरानं शेजारच्यांची गाडी काढली. वाचले. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय, की विश्वास ठेवला तरी चूक, नाही ठेवला तरी चूक. धाडसानं विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय? कुणाच्या अनुभवाचं असेल तर सांगा.

वॉर्डातली_मावशी (मिरज)
रात्री 12:25

बाळा, आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. डायलिसिस एकदा पण चुकवायचं नाही. कुणीही सांगू दे, कितीही मोठा माणूस असू दे. मी 34 वर्षं नर्स म्हणून काढली. चुकवलं की पाणी फुफ्फुसात चढतं, तेच त्या रात्री झालं तुमच्याकडं. आणि पोटॅशियम वाढलं तर माणूस बोलता बोलता जातो, हृदयच थांबतं, हाक मारायला वेळ मिळत नाही. ज्यांनी तसं सांगितलं ते रात्री दोनला गाडी काढायला आले होते का? हे विचार त्यांना. मला रागच आलाय खरं तर.

आणि मशीन म्हणजे देवावर अविश्वास हे कुठून आणलं? आमच्या मिरजेत मिशनच्या वानलेस डॉक्टरांनी 1894 साली दवाखाना उघडला तो देवावर भरवसा ठेवूनच ना. प्रार्थना करून चाकू हातात घेणारी माणसं ती. मी त्यांच्या काळातली नाही, पण मोठ्या सिस्टर लोकांनी आम्हाला तेच शिकवलं, पेशंटच्या उशाशी प्रार्थना कर आणि मग सलाईनचे थेंब मोज, दोन्ही नीट कर.

आता विश्वास कमी पडतोय त्याबद्दल. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघड आणि शेवटचा अध्याय वाच, 42 वा. पोरं गेली, जनावरं गेली, अंगभर फोडं, आणि मित्र येऊन सांगतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब देवाशी भांडतो, मला कोर्टात उभं कर म्हणतो, जन्माला आलेल्या दिवसाला शिव्या देतो. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर! देव त्यांना स्पष्ट सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला आणि तुम्ही नाही बोलला. देवाची बाजू घेऊन गोड बोलणाऱ्यांना देवानं खोटं ठरवलं आणि तोंडावर भांडणाऱ्याला खरं. आणि परत त्याच मित्रांसाठी प्रार्थना कुणी करायची, तर ईयोबानंच.

तू म्हणतीस माझ्या तोंडून फक्त रडणं निघतं. अगं, स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं, त्यातली कितीतरी रडगाणीच आहेत. तेरावं बघ, सहा वचनांचं एवढंसं स्तोत्र, त्यात चार वेळा विचारलंय, कुठवर, देवा कुठवर. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी एक ओळ पण आशेची नाही. आणि या सगळ्या पुस्तकाचं हिब्रूतलं नाव काय तर तहिल्लीम, म्हणजे स्तुती. रडगाण्यासकट सगळ्याला त्यांनी स्तुती म्हणलं. आमच्या पाळकांनी हे एकदा वॉर्डाच्या भक्तीत सांगितलं आणि मी ड्रेसिंगची ट्रॉली तिथंच सोडून ऐकत उभी राहिले, तेव्हा माझं स्वतःचं पोर जाऊन आठ महिने झाले होते.

त्या आठ महिन्यात मी एक ओळ गायली नव्हती. नाईटला बेडवर एक म्हातारी होती, भाजलेली, कर्नाटकातली, मराठी येत नव्हती तिला. पहाटे चारला ड्रेसिंग बदलायला घेतलं की ती कन्नडमधून गायची, दुखलं की आवाज चढायचा, परत खाली यायचा. मला शब्द कळत नव्हते. मी तिच्याबरोबर चालीवर नुसतं गुणगुणायला लागले, शब्दाशिवाय. तेवढंच करत राहिले कितीतरी दिवस. तू पण ओठ हलवतीस ना? हलव. देवाला ऐकू येतं.

माळकरी_तासगाव
सकाळी 6:10

ताई रामकृष्णहरी. मी तुमच्या धर्माचा न्हाई, वारकरी माणूस हाय, पण तुमचं वाचून झोप आली न्हाई म्हणून लिहितोय, चुकलं तर माफ करा.

2019 साल आपल्या जिल्ह्याला कसं गेलं ते तुम्हाला सांगायला नको, ऑगस्टमधी कृष्णेनं आयर्विन पुलापाशी 57 फूट ओलांडली, माझ्या बहिणीचं गावभागातलं घर माळ्यापर्यंत पाण्यात. तिची सगळी माणसं आमच्या मळ्यात आणून ठेवली. तवा वाटलं आपली द्राक्षाची बाग तरी हाय, यंदा बाग सगळ्यांना जगवंल. सप्टेंबरात छाटणी धरली, घड असे सुटले की बघत राहावं. आणि दिवाळीत पाऊस सुरू झाला तो थांबंचना. घड फुलोऱ्यात, आणि वरनं रोज पाऊस. दिवसाला दोन दोन फवारण्या, चिखलात ट्रॅक्टर रुतला तर पाठीवर पंप घेऊन मारल्या. डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, आली ती आलीच. मांडवाखालनं चाललं की खांद्यावर, डोक्यावर बारीक बारीक गळालेलं पडायचं, करवताच्या भुशागत. बाजरीएवढा मणी, काळा पडून गळायचा. दीड एकर. सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी, आणि घरात पुरातनं आलेली सहा माणसं.

मी त्या दिवशी गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली. वडलांनी बघितलं, काय बोललं न्हाईत. ते आपले सांजच्याला हरिपाठाला बसले, एकटेच, आणि रोजच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाय लागले. मी आतल्या खोलीत. मला वाटलं म्हाताऱ्याला बागंचं काय पडलेलंच न्हाई. उठून बाहेर आलो भांडायला, तर म्हाताऱ्याचं डोळं गळत होतं आणि टाळ चालू होता.

तुकोबांचं तर तुम्हाला ठावं असंल. 1630 चा दुष्काळ, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, पोरगा गेला, दुकानाचं दिवाळं. आणि ते देवाला म्हणतात बरं झालं दिवाळं निघालं. मला हे लहानपणापासनं पटायचं न्हाई, बायको मेल्यावर बरं झालं कोण म्हणंल? बाग गेल्यावर कळलं की ते पहिल्या दिवशी म्हणलेलं न्हाई. त्याच्या आधी आणि नंतर त्यांनी विठोबाला काय काय सुनावलंय ते वाचा, निष्ठुर म्हणलंय, माझ्या लेखी देव मेला म्हणायपर्यंत गेलेत. आपल्या माणसालाच असं बोलता येतं. परक्याला आपण कशाला बोलतोय?

आणखी एक सांगतो. माझा दोस्त ख्रिश्चन हाय, शाळेत मास्तर. तो बांधावर येऊन बसला माझ्याजवळ, चहाची किटली घेऊन. लई वेळ गप्प बसला. मग खिशातनं तुमचं बायबल काढून हबक्कूक म्हणून कोण हाय त्याचं शेवटचं वाचलं. अंजीर फुललं न्हाई, वेलीला द्राक्षं न्हाईत, शेतात दाणा न्हाई, गोठ्यात जनावर न्हाई, तरी मी देवाठायी आनंद करीन. मी म्हणलं परत वाच, वेलीचं परत वाच. अडीच हजार वर्षामागचा माणूस आणि त्याला माझी बाग कशी दिसली! मास्तर म्हणला, बघ, त्यानं काय बाग परत आली असं म्हणलेलं न्हाई. आणि शेवटाला त्यानं टीप लिहून ठेवलीया की हे तंतुवाद्यावर गायचं, म्हणजे गवयांच्या हातात दिलंय, सगळ्यांनी गावं म्हणून.

माळ मी लगेच घातली न्हाई. माघी एकादशीला पंढरीला गेलो तवा घातली. कर्ज अजून फिटलेलं न्हाई, थोडं राहिलंय.

गाडीभाड्याचं लाजू नका ताई, मंडळीत सांगा. मी कुणाला सांगितलं न्हाई म्हणून सहा महिने उगाच मनात कुढलो. लोकं मदत कराय तयार असत्यात, त्यांना ठावंच नसतं.

सातारी_गिटार
सकाळी 9:35

ताई जय ख्रिस्त, मी साताऱ्याचा, युथमध्ये गिटार वाजवतो. मावशींचं सगळं पटलं, मशीनचं तर शंभर टक्के, पण एका ठिकाणी मला थोडं वेगळं म्हणायचंय. रडणं पण स्तुती आहे हे बरोबर, पण तिथंच थांबायचं का? दुसऱ्या इतिहासाच्या 20 व्या अध्यायात यहोशाफाट राजावर तीन तीन फौजा चालून येतात, तो सरळ म्हणतो काय करावं आम्हाला कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत, आणि मग सैन्याच्या पुढं गायकांना उभं करतो. लढाईच्या आधी! येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, फटके खाऊन पाठ फाटलेली, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मला वाटतं मोठ्यानं गायलं की आपल्यालाच आधी ऐकू जातं, आणि कधी कधी तोंड पुढं जातं आणि मन मागून येतं. माझे पप्पा गेले तेव्हा माझं तसंच झालं, दफनाच्या दिवशी मम्मीनं गीत काढलं आणि आम्ही सगळे गायलो, मनात काहीच नव्हतं, दगड होता नुसता. पण गायलो.

धाडस म्हणजे काय विचारलंय तर मला दानीएलच्या पुस्तकातले ते तिघं आठवतात, शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो. भट्टी पेटलेली, राजा विचारतोय वाकताय की टाकू. ते म्हणतात आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि पुढं म्हणतात, त्यानं नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. हे "नाही सोडवलं तरी" सगळ्यात धाडसाचं आहे. मशीन सोड म्हणजे देव बरं करेल, हे म्हणजे देवाला कोपऱ्यात गाठून करून दाखव म्हणणं झालं. सैतानानं येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी मार म्हणून हेच सांगितलं होतं ना, आणि येशू नाही म्हणाला.

माळकरी काका, तुमचं वाचून आमच्या साताऱ्यातलं आठवलं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक शेवटी इथंच राहायला होते, 1917 ला मिशनचं काम सोडून त्यांनी इथं देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. ते म्हणायचे मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपल्या मंडळीत टाळ-मृदंगावर भजनं आली ती बरीचशी त्यांच्यामुळं. त्यामुळं तुम्ही आमच्यात परके नाही.

वॉर्डातली_मावशी (मिरज)
सकाळी 10:15

सातारी, बरोबर बोलतोस, पण तुझ्या मम्मीनं गीत काढलं आणि बाजूला तुम्ही सगळे होता. ही पोरगी तीन वर्षं पुढं एकटी उभी राहून दुसऱ्यांना गायला लावतीय आणि हिच्यासाठी कोण गात नाही. पौलाबरोबर पण सीला होता की रे, एकटा नव्हता गात. आणि तुरुंगाची दारं त्या रात्री उघडली, पण त्याच पौलानं अंगातला काटा काढ म्हणून तीनदा मागितलं आणि तो नाही निघाला. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर आलं.

बाळा, साक्षीचं म्हणशील तर पाळकसाहेबांना जाऊन सरळ सांग की बरं झालेल्याची साक्ष माझ्याकडं नाही, जे आहे ते सांगू का विचार. नको म्हणाले तर सुटलीस. हो म्हणाले तर बाटलीभर पाण्याचं सांग, मनगटाचं सांग. दर रात्री तू ते बोट ठेवतीस ना, ती गुरगुर लागली की मनात काय येतं तुझ्या? ते सांग. आणि त्या शनिवारचं पण सांग, नाव न घेता. मंडळीत अजून कुणी औषध बंद करायच्या बेतात असेल तर ऐकेल. लिहून काढलंस तर अर्ध्या पानाच्या वर नको, रडू आलं तर थांब, लोकं थांबतात.

पेटीवाली_सांगली
पाच आठवड्यांनी, रात्री 10:50

जय ख्रिस्त. उत्तर द्यायला उशीर झाला, मधे मिस्टरांचा बीपी फार वर गेला होता, तीन दिवस ॲडमिट होते, आता घरी आहेत.

सगळ्यांचं वाचून दाखवलं त्यांना. माळकरी दादा, तुमच्या वडलांचं वाचताना ते उठून बसले आणि म्हणाले टाळ चालू होता हे परत वाच. मावशी, ईयोबाचा शेवटचा अध्याय आम्ही दोघांनी मिळून वाचला, आणि त्या भावांसाठी पण प्रार्थना केली, मला जड गेलं, पण मिस्टरांनीच सुरुवात केली म्हणून केली. पाळकसाहेबांकडं गेले, सगळं सांगितलं, अगदी ओठ हलवते ते पण. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की त्या शनिवारचं मला आधी कळायला हवं होतं. आता गुरुवारच्या गाडीची सोय मंडळीतली दोन घरं आळीपाळीनं करतायत, मी मागितली म्हणून. मागताना जीभ उचलत नव्हती.

उपकारस्तुतीला भरपूर आलं होतं, उसाची मोळी, हळद, शाळू, कुणी तासगावचा बेदाणा आणलेला, वेदीसमोर सगळं मांडलेलं. मी एक लिटरची बाटली घेऊन गेले. साक्षीला उभी राहिले आणि ती पुढं ठेवली, म्हणलं ही आमच्या घरची रोजची मोजणी आहे, देवा यातलं तुझं तुला. जास्त बोलता आलं नाही. शनिवारचं बोलले मात्र. रात्री मनगटावर बोट ठेवल्यावर काय येतं मनात ते पण सांगितलं, की मी मागत नाही तेव्हा काही, तेवढा एक क्षण मी काहीच मागत नाही, नुसतं "आहे" म्हणते. मावशी, तुम्ही विचारेपर्यंत मला पण माहीत नव्हतं की मी तसं म्हणते.

आणि मग हे काय ठरवलेलं नव्हतं, पण मिस्टर उठून पेटीपाशी गेले. मला वाटलं नुसते बसतील. त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी जाऊन पलीकडच्या बाजूला मांडी घालून बसले आणि भाता धरला. मला भाता मारायची सवय नाही, हवा कमीजास्त व्हायची, सूर मधेच दमायचा, ते मानेनं खूण करायचे की अजून. तीन वर्षांनी त्यांची बोटं जरा अडखळत होती. गीत मंडळीनंच काढलं, मागच्या बाकांवरून. पहिली दोन कडवी मी नुसता भाता मारला. तिसऱ्याला गायले. आवाज फाटला मधेच, पण गायले, धन्यवादाच्या कडव्यापर्यंत.

यादीत नंबर अजून आलेला नाही. सातारी, "नाही सोडवलं तरी" हे मी बाटलीवर मार्करनं लिहून ठेवलंय. उद्या मंगळवार, सहाला निघायचंय, मशीनवर वजन, म्हणजे अंगात साठलेलं पाणी, जास्त काढावं लागलं की त्यांच्या पायात गोळे येतात, त्यासाठी प्रार्थना करा.